जांभळ्या गोगलगायीचं नामकरण

फोन आला तेव्हा

सत्यशीला अंगणवाडीच्या ओट्यावर बसून एका बाळंतिणीला मोबाइलपुढे डोळे मिचकवायला सांगत होती. चेहरा जुळल्याशिवाय ॲप आहाराचं पाकीट सोडत नव्हतं, आणि चैत्राच्या उन्हानं चेहरे असे सुकले होते की ॲपला कोणीच ओळखू येत नव्हतं.

"आनखी एकदा मिचकव वो. हसू नको. हसली की तू तू नाही रायत."

बाळंतीण आणखीच हसली. तेवढ्यात वरून संघदीपचं नाव झळकलं आणि जुळत आलेला चेहरा गेला.

संघदीप तिचा एकुलता एक. तिकडे रत्नागिरीच्या बाजूला समुद्रातल्या जिवांवर पीएचडी करत होता. दिवसाउजेडी कधी फोन करायचा नाही.

"आई, बसली आहेस का?"

"बसलीच आहो. उठाले दोघं लागतात आता."

"आई, मले नवीन जात सापडली."

"जात?"

"प्राण्याची, आई."

"मंग ठीक. मानसाच्या होत्या थ्याच पुरल्या."

तो हसला नाही, घाईत होता. समुद्रातली गोगलगाय आहे, म्हणाला. शंख नाही तिला. ओहोटीला खडकाखाली सापडली, आजवर जगात कोणी नोंदवलेली नाही. आणि नाव द्यायचा मान त्याला मिळाला होता.

"तुहं देऊन राह्यलो. पूर्ण. सत्यशीला. शेवटी एक लॅटिन शेपूट लागते, पन नाव तुहंच."

सत्यशीलानं फोन ठेवला आणि ॲप पुन्हा उघडलं. बाळंतिणीनं विचारलं, "काय झालं मावशी? चांगलं हाये ना सगळं?"

"काही नाही. डोळे मिचकव."

पूर्ण नाव म्हणजे

तिच्या वडिलांची कमाई होती. ते यवतमाळच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी ओढायचे. दीक्षा घेतली आणि घरातली जुनी नावं त्यांनी खाटेतले ढेकूण वेचावेत तशी एकेक वेचून बाहेर टाकली. त्यांच्या एका बहिणीचं नाव होतं उकंडी, दुसरीचं धोंडी. पुढे मुलगी झाली तेव्हा ते विहारात गेले, भन्तेजींकडून अर्थ नीट समजून घेतला आणि गल्लीला ताकीद दिली. पूर्ण म्हणायचं. सत्ते नाही, शीले नाही. कोणी अर्ध्या नावानं हाक मारली की ते स्वतःच बहिरे व्हायचे आणि मुलीलाही ओ देऊ द्यायचे नाहीत.

लग्न होऊन ती लोहाऱ्यात आली आणि पहिल्याच आठवड्यात शीला झाली. देवराव वाईट माणूस नव्हता. डाळ मिलमधून पाळी करून आलेल्या माणसाला चार अक्षरं जड जातात, एवढंच. मग रेशनकार्डावर शीला. बँकेत शीला. मतदार यादीत तर शिला, ऱ्हस्व, दगडासारखी. दुरुस्त करायचं तर सुट्टी टाका, प्रतिज्ञापत्र करा, खिडकीपुढे उभे राहा. दरवर्षी ती म्हणायची, या उन्हाळ्यात करू. उन्हाळा आला की नळ जायचा आणि टँकरच्या मागे गुंडं घेऊन धावण्यातच तो सरायचा.

त्या दुपारी पाकिटं वाटून झाल्यावर ती एकटीच ओट्यावर थांबली आणि आपलं नाव एकदा तोंडानं म्हणून पाहिलं. पूर्ण. कोणी ओ दिली नाही, द्यायला होतंही कोण. पण बरं वाटलं.

देवराव म्हणाला

"नाही."

"आयकून तं घ्या."

"आयकलं. गोगलगायीले माह्या बायकोचं नाव. नाही."

"मान असते म्हनते त्याईच्यात. मोठ्या मोठ्या लोकाईची नावं देतात."

"देत असन. त्याईच्या बापाले कोनी मुंगूस म्हटलं नसन."

हे तिला ठाऊक होतं. देवरावच्या बापाला सगळं गाव मुंगूस म्हणायचं. लहान पोरंसुद्धा. मेला तेव्हा नोंद करायला आलेल्या माणसानं विचारलं, याचं खरं नाव काय, आणि चावडीवर बसलेल्या एकालाही सांगता आलं नाही. देवराव तेव्हा आठवीत होता. त्यानं पुढं होऊन सांगितलं, तर तो माणूस म्हणाला, हे कधी ऐकलं नाही बुवा.

"जिनावराचं नाव मानसाले दिलं त्याईनं," देवराव म्हणाला. "आता आपलं पोरगं मानसाचं नाव जिनावराले देते. फरक काय पडला?"

"फरक हाये."

"काय हाये?"

ती परात ओढून बसली. पोळ्या करायच्या होत्या. "संघदीपले सांगून देजो, बाबा नाही म्हनते," तो म्हणाला. तिनं सांगितलं. संघदीप म्हणाला, बाबाले सांग, हे विज्ञान आहे. तिनं तेही सांगितलं. देवराव म्हणाला, त्याले सांग, मी बाप आहो. असे आठ-दहा दिवस गेले. दोघांपैकी कोणी कोणाला फोन करत नव्हतं आणि दोघांचंही बोलणं तिच्या तोंडातून जात होतं. बोलून बोलून तिच्याच घशाला कोरड पडायची.

तोवर गल्लीच्या ग्रुपवर

(कारण संघदीपनं फोटो एका चुलतभावाला पाठवला आणि चुलतभावाच्या पोटात काही राहत नाही)

— अभिनंदन संघदीप दादा 🙏 जयभीम

— हे काय हाये? मिठाई?

— गोगलगाय हाये समुद्रातली

— इतकी रंगीत?? मेहंदीच्या कार्यक्रमाले निघाली काय

— आमच्या सोयाबीनमधल्या अशा असत्या तं मारू वाटल्या नसत्या

— सत्यशीलाताईचं नाव देऊन राह्यले म्हणे तिले

— ताई पन तशाच हळू चालतात 😄

— अमर, तुह्या बायकोचं नाव कायले देऊ मग, घोरपडीले?

— कोणीतरी मेसेज डिलीट केला

— कोणीतरी मेसेज डिलीट केला

आणि एक दिवस निरोप संपले

देवराव दुपारच्या पाळीला निघताना म्हणाला, "त्याले सांग..."

"तुम्हीच सांगा." तिनं आपला फोन त्याच्या हातात दिला. "मले नाही होत आता. हा घ्या. त्यानं एक व्हिडिओ धाडला, थोही पाहा, नाहीतं नका पाहू. मी जाऊन पडतो."

ती खरंच जाऊन पडली. फरशी गार होती. देवराव फोन खिशात घालून मिलमध्ये गेला.

मिलमध्ये डाळीचा धुरळा इतका की माणूस माणसाला पिवळा दिसतो. चहाच्या वेळी तो पोत्यावर बसला आणि व्हिडिओ लावला. जांभळं अंग, करंगळीच्या पेराएवढं. कडेनं पिवळी किनार. डोक्यावर दोन केशरी शिंगं, आणि पाठीवर शेवटी पिसांचा तुरा, पाण्यात हलणारा. खडकावरून ते असं चाललं होतं जसं कोणाची वाट अडवायची नाही आणि कोणासाठी थांबायचंही नाही. रामलाल शेजारी येऊन बसला. तांड्यात त्याचं दोन एकर सोयाबीन होतं आणि मिलमध्ये तो हमालीला यायचा.

"हेच का थे? आमी चुना टाकून मारतो, तुमचा पोरगा नाव ठेवून राह्यला."

"हेची जात अलग हाये," देवराव म्हणाला. म्हणून गेला आणि स्वतःच जरा दचकला.

"खाते काय?"

"समुद्रातले स्पंज खाते, व्हिडिओत सांगते थो. त्याचंच जहर अंगात साठवते. म्हून तिले कोनी तोंड लावत नाही. रंग म्हंजे ताकीद हाये. दुरून पाय, हात लावू नको."

"हे बेस हाये बा," रामलाल म्हणाला.

देवरावनं व्हिडिओ पुन्हा लावला. मग आणखी एकदा. रात्री घरी आला, जेवला आणि हात धुताना भिंतीकडे पाहून म्हणाला, "किनार चांगली दिसते पिवळी."

सत्यशीलानं त्याचं ताट उचललं. घाई केली असती तर तो मागे फिरला असता.

"द्याचं तं रीतीनं देऊ," तो म्हणाला. "चोरून कायले? विहारात करू. सगळ्याईपुढं. वंदना, नामकरन, खीर. तुहं नाव हाये, काही साधी गोष्ट हाये का?"

तिनं संघदीपला हे सांगितलं. तो आधी हसत सुटला. मग थांबला आणि त्याचा आवाज बदलला. "बाबा म्हनाले असं?"

"तूच विचार."

त्यानं विचारलं नाही. पण तारीख कळव, म्हणाला, मी व्हिडिओ कॉलवर असतो.

गल्लीतल्या अमरनं छापून आणलेल्या फ्लेक्सवर असं होतं:

जयभीम! जयभीम! जयभीम!
नवीन समुद्री जीवाचा
भव्य नामकरण सोहळा
संशोधक: आयु. संघदीप देवराव मनवर
जिचे नाव देण्यात येत आहे:
आयुष्मती सत्यशीला देवराव मनवर
(खिरीची व्यवस्था केली आहे)

गोगलगाय मधोमध होती, माणसाएवढी. अमरनं रंग आणखी चढवले होते. पाहणाऱ्याला वाटावं, हीच निवडणुकीला उभी आहे. खाली कोपऱ्यात संघदीप दहावीच्या फोटोतला, कारण दुसरा सापडला नाही.

सत्यशीलानं फ्लेक्सवर आपलं नाव वाचलं. चारही अक्षरं होती. तिनं बोटानं एकेक मोजलं नाही, पण डोळे तिथेच फिरत राहिले.

विहारात

पंखे फिरत होते आणि गरम वारा इकडचा तिकडे करत होते. चाळीसेक माणसं सतरंजीवर बसली होती. बाया पदरानं वारा घेत होत्या. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या उन्हानं आपसूकच वाकल्या होत्या. बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घातला. वंदना झाली. पंचशील झालं. पहिलं शील जीव न घेण्याचं. ते सत्यशीलानं इतरांबरोबर म्हटलं, आजवर हजारदा म्हटलं तसं, अर्ध्या लक्षात. तिच्या घरी रविवारी मटण शिजायचं. ती काही सोवळी नव्हती.

मग नामकरण. बस्तीतली निम्मी नावं तिनंच सुचवलेली, त्यामुळे नामकरणाच्या वेळी पुढं बसायची तिची जागा ठरलेली होती. ती सवयीनं मांडी घालून बसली आणि पदर मांडीवर पसरून घेतला. आया लेकरू आणून तिथं ठेवतात. ती लेकराच्या कानाजवळ वाकते, नाव सांगते. लेकरू पाय झाडतं नाहीतर तोंड वाकडं करतं, आणि ती वर पाहून म्हणते, लागलं नाव. जोवर लेकरू हलत नाही तोवर ती नाव लागलं असं मानत नाही. एकदा झोपलेल्या पोरासाठी सगळ्यांना पाऊण तास बसवून ठेवलं होतं तिनं.

आज मांडी रिकामी होती. बाजूला अमर माईक आणि मोबाइल दोन्ही धरून बसला होता. मोबाइलमध्ये संघदीप, पांढऱ्या कोटात. मागे कपाटं.

"जयभीम सगळ्यांना," संघदीप म्हणाला. माईकमुळे आवाज मूर्तीच्या मागून आल्यासारखा आला. दोन लेकरं रडायला लागली.

"फोटो झाला," रामलाल मागून ओरडला. "खरी दाखव, बाप्पा! आमी इतक्या उन्हाचे आलो."

"खरी... ती आता तशी दिसत नाही काका."

"दाखव ना बे," देवराव म्हणाला. हातात खिरीचा डाव होता. महिनाभरात मुलाशी बोललेले हे त्याचे पहिले शब्द.

संघदीप उठला. कपाट उघडलं. एक बोटभर काचेची बाटली पुढे आणली, कॅमेऱ्याला अगदी चिकटवली. आत पाण्यासारखं काही आणि तळाशी भिजलेल्या पोह्यासारखं एक पांढरं. बाजूला चिठ्ठी.

सतरंजीवरची माणसं पुढं सरकली. मग कोणीतरी म्हणालं, "हेच का?"

"रंग कुठं गेला?" सत्यशीलानं विचारलं.

"अल्कोहोलमध्ये राहत नाही, आई. लवकरच उडून जातो."

"मेली कशी?"

"मारावं लागते. आधी सुन्न करतात, तिले काही समजत नाही. एक तरी नमुना ठेवाच लागते आई, त्याशिवाय नाव मानत नाहीत. नाव याच नमुन्याले लागते. बाकीच्या जित्या आहेत त्या याच्यासारख्या, म्हणून त्यांचंही हेच."

"म्हंजे माहं नाव या बाटलीले."

"बाटलीले नाही, आई. जातीले. पन हो, आधार हाच."

तिनं बाटलीकडे पाहिलं. माणसं वाट पाहत होती. तिनं वाकावं आणि नाव सांगावं, मग साधू साधू म्हणावं आणि खीर घ्यावी. तिनंही तेच करायचं ठरवलं होतं. ती थोडी पुढं झुकलीसुद्धा. वडिलांनी राखलेलं, सासरी कोणी न वापरलेलं, कोऱ्या भांड्यासारखं ठेवलेलं नाव होतं ते, आणि ते आज सगळ्यांपुढे पूर्ण बोललं जाणार होतं. तिच्या जिभेवर आलं होतं.

पुढे कान नव्हता.

"नाही," ती म्हणाली. अमरचा माईक जवळ होता, त्यामुळे ते विहारभर गेलं. "माहं नाव राहू दे."

त्यानंतर सगळ्यांनी खीर खाल्ली

कारण खीर झाली होती.

संध्याकाळी

देवरावचा फोन वाजला. त्याचा, तिचा नव्हे. तो अंगणात खाटेवर बसला होता. ती मोरीत खिरीचा गंज घासत होती. तळाला लागली होती खीर, राखेनंही निघत नव्हती. खांदे भरून आले होते. डोक्यात नुसता विहारातल्या पंख्यांचा आवाज.

संघदीप काय म्हणतो ते तिला ऐकू येत नव्हतं, पण आवाज चढलेला कळत होता. देवराव बराच वेळ ऐकून घेत होता. तो इतका वेळ कोणाचं ऐकून घेत नाही.

"हो," शेवटी देवराव म्हणाला. "मीच म्हटलं होतं तिले. नाही देऊ म्हून... आता काय वरून दाखवाले केला कार्यक्रम, असंच समज... हो. माहीच चूक. तिले काही बोलू नको. ते थकली हाये."

तिचा हात गंजावर थांबला.

असंच राहू दिलं असतं तर चाललं असतं. बाप आडमुठा, पोरगा नाराज, आणि मधे आई, जिचं काही म्हणणं नाही. सगळं आपापल्या जागी बसलं असतं, उद्या सकाळी कोणाला काही समजावायची गरज नव्हती. देवरावनं तिच्यासाठी हे केलं होतं, आणि त्याला ते करताना जड गेलं होतं, हेही तिला दिसत होतं. तो खाटेच्या सुंभाची गाठ नखानं सोडवत बसला होता, मान खाली घालून.

तिला उठायचं नव्हतं. भिंतीला धरून ती उठली. अंगणात गेली, ओला हात पुढं केला.

"द्या."

"झालं बोलून. जाऊ दे ना."

"द्या इकडं."

त्यानं दिला.

"संघदीप, मी बोलून राह्यली. तुह्या बाबाचं काही नाही यात. त्यानं तं हो म्हटलं होतं. एक-एकाच्या घरी जाऊन बोलावनं देल्लं त्यानं, चप्पल तुटली त्याची. नाही मी म्हटलं. माह्या मनानं म्हटलं."

"काहून पन, आई?"

"सांगता नाही येत मले."

"मारली म्हून?"

"तसं नाही. तुले काम हाये थे, करावं लागत असन. पन मले थे नाही देता आलं. मेल्याच्या अंगावर नाही ठेवता आलं. इतकंच."

"आई, एकदा छापलं की कायम राहते. शंभर वर्षानंबी. तू नसली तरी."

"मी आहो ना अजून," सत्यशीला म्हणाली. "असू दे की थोडे दिवस माह्यापाशी."

तो दुखावला होता आणि ते तिला इथून, मधल्या सगळ्या घाटांपलीकडून, दिसत होतं. तिला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. तरी तिनं शब्द परत घेतला नाही.

"सर विचारतीन, नाव काय ठेवलं," तो म्हणाला. "परवा पेपर पाठवाचा आहे. आता काय देऊ?"

"तू जिती पायली होती ना तिले?"

"हो."

"मंग सांग कशी होती. सांगता सांगता सुचन."

ती खाटेवर देवरावच्या बाजूला बसली. फोन स्पीकरवर टाकून दोघांच्या मधे ठेवला. संघदीप आधी तुटक तुटक बोलला. मग सांगू लागला. उजाडायचं होतं, ओहोटी पूर्ण उतरली होती, हातात बॅटरी. एक दगड उलटला तर खाली काहीच नव्हतं. परत ठेवताना दगडाच्या पोटाला काहीतरी जांभळं चिकटलेलं दिसलं, उलटं. पाण्याबाहेर असताना नुसता चिकट ठिपका. त्यानं त्याला ओंजळीतल्या पाण्यात घेतलं तेव्हा तुरा उघडला.

"ओंजळीत?" देवराव म्हणाला. "चावली नाही?"

"नाही बाबा. चावत नाही ते."

"मंग त्या शिंगाईचं काय करते?"

"शिंगं नाहीत ती. त्यानं वास घेते. पान्यातला."

"वास? पान्यात?" देवराव खाटेवर नीट सरकून बसला. "थांब, हे मले समजून सांग बरं."

सत्यशीलानं पाय वर घेतले आणि भिंतीला डोकं टेकलं. ते दोघं बोलत होते.